रडगाणं वेगळं, तक्रार वेगळी



आजच्या नोंदीत खत नाही, फवारणी नाही. आज माणसांवर लिहायचंय. कुणाला लागलं तर लागू द्या, कारण हा विषय बोंडअळीपेक्षा कमी नुकसान करत नाही.

प्रत्येक गावात चार-सहा माणसं अशी असतात की त्यांच्यापाशी दहा मिनिटं बसलं की उभं पीक वाळल्यासारखं वाटायला लागतं. पाऊस लांबला तर "मेलो", पडला तर "वाहून गेलो". भाव पडला तर "लुटलं", वाढला तर "आता वाढून काय उपयोग, माल तर विकून बसलो". कृषी सहायक आला नाही तर "इकडं कुणी फिरकत नाही", आला तर "ह्या पोराला काय कळतंय". शेजाऱ्याला सोयाबीन एकरी दहा क्विंटल झालं तर "त्याची जमीनच तशी", आणि स्वतःला चार झालं तर "बियाणंच बोगस". सकाळी टपरीवर, दुपारी पारावर, रात्री मंदिरापुढं, जागा बदलते पण पाठ तोच.

आणि एक गोष्ट नीट बघा. ही माणसं बहुतेक वेळा गावातली सगळ्यात अडचणीतली नसतात. ज्याच्या डोक्यावर खरंच डोंगर आहे त्याला पारावर तासभर बसायला वेळ नसतो, आणि बोलायची ताकदही नसते. त्याच्याकडं मी शेवटी येणार आहे, कारण हे सगळं लिहायचं खरं कारण तोच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बोलण्याला तारीख आहे, आकडा आहे आणि ते कुणाकडं न्यायचं याचा पत्ता आहे, ती तक्रार. ज्याला यातलं काहीच नाही ते रडगाणं. तक्रार केलीच पाहिजे, मोठ्यानं केली पाहिजे. रडगाणं मात्र बंद पाडलं पाहिजे, कारण त्यानं खऱ्या तक्रारीची किंमत जाते.

आधी एक गोष्ट साफ करतो

"शेतकरी सारखा रडतो" असं म्हणणारे शहरातले लोक हे वाचून खूश होतील, तर त्यांनी होऊ नये. शेतकऱ्याच्या तक्रारी खऱ्या आहेत. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ जाहीर झाला. बाजार समितीत त्या भावानं किती दिवस माल गेला, हे ज्यांनी पोती उतरवली त्यांना विचारा. कापसाला वेचणीची मजुरी, तुरीला मर, हळदीला कंदकुज, दर दोन-तीन वर्षांनी काढणीच्या तोंडावर येणारा पाऊस, यातलं काहीही खोटं नाही.

म्हणून मला ते दुसऱ्या टोकाचे लोकही चालत नाहीत. गार हॉलमध्ये माईक घेऊन उभं राहायचं आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला सांगायचं, "दृष्टिकोन बदला, सकाळी उठून हसा, नकारात्मक विचार काढून टाका." अहो, हमीभावाच्या खाली पाच-सातशे रुपयांनी सोयाबीन विकून आलेला माणूस हसला काय आणि रडला काय, पट्टीवरचा आकडा तोच राहतो. असल्या भाषणांनी एकच होतं. माणसाला वाटायला लागतं की आपलं नुकसान झालं त्यात आपल्या मनाचाच दोष आहे. हा अन्याय आहे. हसतमुख सल्ला देणारा आणि बारमाही रडणारा, दोघं एकाच कामाचे. दोघांकडंही उद्या सकाळी काय करायचं याचं उत्तर नसतं.

"बियाणं बोगस" या दोन शब्दांचा हिशोब

दर जून-जुलैला हे दोन शब्द ऐकू येतात. कधी कधी ते शंभर टक्के खरे असतात. मग मी विचारतो, "पिशवी आहे का?" ती फेकून दिली. "बिल?" घेतलंच नाही. "लॉट नंबर?" तो काय असतो? "पेरणीआधी किती पाऊस झाला होता?" चांगला झाला होता. चांगला म्हणजे किती? "लई."

आता हा माणूस खरा असला तरी त्याचं कोण ऐकणार? उलट त्याच्या शेजारी ज्यानं पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बियाणं जपून ठेवलंय, त्याच्या तक्रारीलाही कचेरीत "हे सगळेच असं बोलतात" म्हणून उडवून लावतात. रडणाऱ्यानं रडून मोकळं व्हायचं आणि किंमत शेजाऱ्यानं मोजायची.

तक्रारीची वाट सांगतो, कारण ती पुष्कळांना माहीत नसते. उगवण कमी दिसली की वाट बघत बसायचं नाही. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते, ती शेतात येऊन पंचनामा करते. त्या दिवशी शेतात आपण हजर राहायचं. दुबार पेरणी उरकून टाकल्यावर समितीला बोलावलं तर ती बघणार काय, नांगरलेलं रान?

आणि तक्रारीआधीचं काम तर फुकट आहे. सोयाबीनच्या दाण्याचं वरचं साल फार पातळ असतं. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती उंचावरून आदळली, थप्पी फार उंच लावली की उगवणशक्ती मार खाते. मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे, गोणपाट ओलं राखायचं आणि आठवड्याभरात चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर एकरी तीस किलोनं पेरा. त्याखाली आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा, फारच कमी आले तर ते बियाणं तेलाला द्या. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि दाणा तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली घालू नका.

हे सगळं करूनही नाही उगवलं, तर मग या, मी तुमच्यासोबत तालुक्याला येतो. तेव्हा आपल्या हातात कागद असेल.

विमा मिळाला नाही, पण तुम्ही होतात कुठं?

विम्यावर रडणारे तर गावागावात. ह्या विषयात रागावण्यासारखं खूप आहे, मी स्वतः रागावतो. पण राग कुठं काढायचा ते कळायला पाहिजे.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. २०२५ च्या खरिपात ती सोय गेली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांना विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, कापसासारख्या नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत झाला. आणि भरपाई बांधली गेली पीक कापणी प्रयोगाला. म्हणजे ठरावीक गावांत, ठरावीक गटांत, मापाचा तुकडा आखून पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. या वजनांची सरासरी अख्ख्या महसूल मंडळाची धरायची. ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर भरपाई, नाहीतर नाही.

मग आता सांगा, मंडळातल्या हजारो खातेदारांचा विमा ज्या थोड्याशा तुकड्यांवर ठरतो, त्या तुकड्यांपाशी कापणीच्या दिवशी कोण असायला पाहिजे? आमच्या शिवारात प्रयोग झाला तेव्हा ज्याचं शेत तो, मी आणि आणखी दोघं, एवढेच हजर होतो. पारावर त्याच वेळेला चौदा जण बसले होते आणि विषय होता, "विमा कंपन्या कशा लुटतात." मी मोजूनच आलो होतो. त्यातल्या एकालाही बोलावलं तर उत्तर काय? "जाऊन काय होतंय, ते करायचं तेच करत्यात."

असं बोललं की हातपाय हलवायची गरज उरत नाही आणि वर शहाणपण मिरवता येतं. "काही होत नाही" म्हणणारा माणूस कधी चुकत नाही, कारण तो काही करतच नाही. प्रयोगाचा तुकडा कसा निवडला, दोरी कशी धरली, शेंगा बाजूच्या ओळीतून आल्या का, ओलावा किती धरला, वजनकाटा बरोबर होता का, नोंद काय झाली, हे बघायला डोळे लागतात. बघितलं असेल तरच हरकत घेता येते.

ई-पीक पाहणीचंही तसंच. २०२१ पासून ही सोय आहे. ॲप अडकतं, रेंज नसते, हे खरंच आहे, मी बांधावर फोन धरून उभा राहिलोय. पण मुदत संपल्यावर "आमचं पीकच लागलं नाही सातबाऱ्यावर" म्हणून वर्षभर सांगत फिरण्यापेक्षा मुदतीच्या आत चार पोरांनी मिळून वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी करून दिल्या, तर निदान पुढची एक तक्रार कमी होते.

आपल्या थोरांनी तक्रार कशी केली

कुणी म्हणेल, तू आम्हाला गप्प बसायला सांगतोस. मुळीच नाही. उलट तक्रार कशी करायची ते आपल्याच मातीत शिकवलेलं आहे.

महात्मा फुल्यांनी १८८३ ला "शेतकऱ्याचा असूड" पुरा केला. ती तक्रारच होती, आणि फार कडक. पण त्यात कोण लुटतं, कसं लुटतं, कोणत्या खात्यातून लुटतं हे एकेक करून मांडलंय. आणि शेवटी उपायही सांगितलेत, बांधबंदिस्ती, तळी, जनावरांची पैदास, शेतकऱ्याच्या पोरांचं शिक्षण. सव्वाशेच्या वर वर्षं होऊन गेली, तरी पाणलोटाचं काम करणाऱ्याला ते आजही आपलं वाटतं.

शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली. शेती तोट्यात जाते हे तेव्हाही सगळे म्हणत होते. जोशींनी काय केलं, तर हिशोब मांडला. बियाण्याचं किती, मजुरीचं किती, घरच्या माणसाच्या श्रमाचं किती, आणि हातात किती. मग १९८० ला चाकणचं कांद्याचं आंदोलन, नाशिककडं कांदा-उसाचं, १९८१ ला निपाणीला तंबाखूचं. १९८६ ला चांदवडला बायामाणसांचा एवढा मोठा मेळावा झाला की बघणारे बघत राहिले. त्यांची सगळी मतं पटलीच पाहिजेत असं नाही, मला काही पटत नाहीत. पण "शेतीत राम नाही" हे पारावरचं वाक्य उचलून त्यांनी त्याचं "उत्पादन खर्चावर रास्त भाव" हे मागणं केलं. पारावरचं वाक्य ऐकून कुणाला काही द्यावं लागत नाही. मागणं आलं की समोरच्याला हो नाहीतर नाही म्हणावंच लागतं.

हिवरे बाजारचं उदाहरण सांगितलं की आमच्याकडचे रडे लगेच म्हणतात, "त्यांचं वेगळं हो, त्यांना सरपंच चांगला भेटला." अहो, पोपटराव पवार काय आभाळातून पडले? त्या गावातही दुष्काळ होता, दारू होती, लोक गाव सोडून जात होते. गावानं पाणलोटाचं काम केलं, शेतीसाठी बोअर घ्यायचं बंद केलं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर पीक ठरवायला सुरुवात केली. यातलं शेवटचं काम करायला पैसा लागत नाही. पाऊस मोजायला पर्जन्यमापक आणि विहिरीची पातळी मोजायला दोरी लागते. तुमच्या गावात विहिरीची पातळी लिहिलेली वही आहे का?

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना

तुम्ही हे वाचून मान डोलवत असाल तर थांबा. तुमच्याकडंही एक रडगाणं आहे. "शेतकरी ऐकत नाही."

किती कार्यशाळांत मी हे ऐकलं त्याला मोजदाद नाही. मी तुम्हालाही तेच विचारतो, कधी, किती, कुणाला? रुंद सरी वरंब्यावर सोयाबीन पेरा म्हणून तुम्ही सांगता. सल्ला चोख आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघतं, ताण पडला तर ओल टिकते. पण अख्ख्या गावात बीबीएफ यंत्र एक, पेरणीचा वापसा मिळतो चार दिवस, आणि त्या चार दिवसांत एक यंत्र किती एकर पेरणार? ज्याचा नंबर लागला नाही त्यानं तिफण घातली, तर तो "ऐकत नाही" झाला का? ही यंत्राची अडचण आहे, आणि ती तुम्ही आकड्यासकट वर कळवायला पाहिजे.

फरदड घेऊ नका, डिसेंबरात कापूस उपटा, हेही बरोबर. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण जानेवारीत शेवटच्या वेचणीचा कापूस झाडावर दिसतो आणि त्याच महिन्यात पोराची फी भरायची असते. त्याला रब्बीत त्या रानात काय घ्यायचं, पाणी किती लागेल, हातात किती उरेल हे मांडून दाखवलं तर तो ऐकतो. माझ्या शेजारचे तिघं असेच ऐकले, कागदावर हिशोब बघून.

रडगाण्याचं मोल पोरं मोजतात

घरात रोज जेवताना पोरगं ऐकतं, "शेतीत काही राम नाही, बाप जन्मात भलं झालं नाही, तू बाबा कुठंतरी शिपाई हो." आठवीपासून बारावीपर्यंत पाच वर्षं हे ऐकल्यावर तो शेतात पाय ठेवत नाही. मग बापच पारावर सांगतो, "आजकालच्या पोरांना मातीची लाज वाटते." पोराचं लग्न जमत नाही, मग म्हणतो, "शेतकऱ्याला कुणी पोरगी देत नाही." अरे, ज्या धंद्याची तू घरात बसून रोज नालस्ती करतोस, त्या धंद्यात दुसऱ्यानं आपली लेक का द्यावी?

पोरगी न मिळण्याची कारणं आणखी आहेत, मला ठाऊक आहे. उत्पन्नाची खात्री नाही, हे पहिलं. पण आपण आपल्या तोंडानं त्यात रोज भर घालतो.

आणि गावात परत आलेल्या पोरांचं तर विचारूच नका. एखादा शिकून येतो, शेळीपालन म्हणतो, रेशीम म्हणतो, दोन एकरांत हळदीला ठिबक म्हणतो. त्याचा पहिला शत्रू रोग नसतो, भावही नसतो. "अमक्यानं केलं होतं, बुडाला" असं सांगणारे पारावर तयार असतात. अमका का बुडाला, चारा नव्हता की लस टोचली नव्हती की बाजार लांब होता, हे त्यांना माहीत नसतं. माहीत असतं तर तो सल्ला झाला असता, आणि सल्ला सोन्याच्या मोलाचा असतो.

मग या माणसांचं करायचं काय?

तोडून टाका असं मी सांगणार नाही. गावात राहायचं तर ते काका असतात, चुलते असतात, बांधाला बांध असतो. सुतक-सोयर त्यांच्यासोबतच करायचं असतं. मी जे करतो ते सांगतो.

पहिलं, आकडा विचारायचा. रागानं नाही, साधेपणानं. "काका, किती मिलिमीटर झाला? कोणत्या तारखेला? एकरी किती खर्च आला?" रडगाण्याला आकड्याचं वावडं असतं. तीनदा विचारलं की ते विषय बदलतात किंवा चौथ्या वेळी आकडा घेऊन येतात. दोन्हीत फायदाच.

दुसरं, "मग उद्या काय करायचं?" एवढंच विचारायचं. उत्तर नसलं तर चहा संपवायचा आणि उठायचं. माझा नेम आहे, रडगाण्याला एक कप चहा. दुसरा कप कामाच्या गोष्टीला.

तिसरं, काम द्यायचं. आमच्या भावकीत एक आबा आहेत, बोंडअळीवर बोलायला लागले की थांबत नाहीत. मागच्याच्या मागच्या हंगामात मी त्यांच्या कापसात एकरी दोन कामगंध सापळे लावून दिले आणि म्हणलं, "आबा, रोज सकाळी पतंग मोजायचे आणि ह्या कॅलेंडरवर लिहायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागं आठ किंवा जास्त आले की मला फोन करा. आणि एकरातली वीस हिरवी बोंडं फोडून बघायची, दोन अळ्या निघाल्या तर फवारणीची वेळ झाली." आबा सुधारले का? नाही. आजही कुरकुरतात. पण आता कुरकुर अशी असते, "काल नऊ होते, आज अकरा झाले, तू काय झोपलास का?" अशी कुरकुर मला रोज चालेल. त्या वर्षी त्यांच्या शेजारच्या चार जणांनी आबांच्या कॅलेंडरवर फवारणी ठरवली.

चौथं, बैठकीचा नियम. आमच्या शेतकरी गटात अडचण मांडणाऱ्यानं त्यासोबत एक काम सुचवायचं आणि त्यातला एक वाटा स्वतः उचलायचा. वहीत दोन रकाने आहेत, अडचण आणि कोण काय करणार. दुसरा रकाना रिकामा राहिला तर पहिला खोडायचा. सुरुवातीला लोक चिडले. आता बैठक दोन तासांऐवजी पाऊण तासात उरकते आणि बायामाणसंही येतात, कारण त्यांना रडगाणं ऐकायला वेळ नसतो.

बरं बघायचं म्हणजे काय

मला "सकारात्मक" हा शब्द फारसा आवडत नाही, भाषणांनी तो गुळगुळीत झालाय. पण त्यामागची गोष्ट शेतीत असतेच. पेरणीच मुळात आशेवर होते. घरातलं चांगलं धान्य मातीत टाकायचं आणि चार महिने वाट बघायची, हे निराश माणसाचं काम नाही.

माझ्या वहीत मी शेतात नुकसान करणारं जेवढं लिहितो, तेवढंच राखणारंही लिहितो. कपाशीवर मावा किती, तसे ढालकिडे किती, क्रायसोपाची अंडी दिसली का. ढालकिडे भरपूर दिसले की मी फवारणी आठ दिवस पुढं ढकलून पुन्हा मोजतो, आणि पुष्कळदा ती लागतच नाही. म्हणजे बरं बघायची सवय मला औषधाच्या दुकानातले पैसे वाचवून देते. ज्याला फक्त कीड दिसते तो पहिल्या दिवशी पंप पाठीवर घेतो, मित्रकिडेही मारतो, आणि पंधरा दिवसांनी म्हणतो, "एवढं फवारलं तरी कीड वाढली." डोळ्यांना दोन्ही दिसलं पाहिजे. नुकसान झाकणारा जसा फसतो, तसा नुकसानच बघणाराही फसतो.

तीन गोष्टींवर माझं चालतं. वही, पुढचं काम, आणि अडचणीला धावणारी चार माणसं. काढणीला आलेलं सोयाबीन पावसात सापडलं तर आभाळाकडं बघून काही होत नाही. पाणी काढून द्यायला चर खणायचा, कापलेलं असेल तर ढीग ताडपत्रीवर घ्यायचा, उघडीप मिळाली की पसरायचं, फोटो आणि पंचनाम्याचा अर्ज त्याच दिवशी. एवढं केल्यावर रात्री रडू आलं तर ते रडगाणं नव्हे. ते माणसाचं दुःख आहे, आणि त्याला मान दिलाच पाहिजे.

आणि आता तो, ज्याच्यासाठी हे लिहिलं

रोज "मेलो, मेलो" ऐकून गावाचे कान बधिर होतात. पारावरचे चौदा जण दिवसातून दहा वेळा मरतात आणि संध्याकाळी जेवून झोपतात. म्हणून ज्या दिवशी एखादा खरंच संपत आलेला असतो, त्या दिवशी कुणाला ऐकू येत नाही. तो तर बोलतही नसतो. बैठकीला यायचा बंद होतो. देणेकऱ्याचा फोन उचलत नाही. बैलजोडी गुपचूप विकतो. रान तणात जाऊ देतो, ज्यानं आयुष्यात बांधावर हराळी राहू दिली नाही तो. कधी उसनी वस्तू कारण नसताना परत आणून देतो.

मराठवाडा-विदर्भात राहणाऱ्याला हे जास्त सांगायला नको. आपण सगळे कुणाच्या ना कुणाच्या दारात बसून आलोय, आणि परत येताना हेच बोललोय, "कळलंच नाही हो, काही बोलला नाही."

अशा माणसाला "हिंमत ठेव, चांगला विचार कर" सांगू नका. त्याला आकडाही विचारू नका. जाऊन बसा. सरळ विचारा, "बरं वाटत नाही का? जिवाचं काही बरंवाईट मनात येतंय का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते नव्यानं शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा, त्याच्या घरच्यांना विश्वासात घ्या, सकाळी सोबत सरकारी दवाखान्यात जा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कर्जाचा कागद नंतर दोघं मिळून बघता येतो.

रडगाण्यावर माझा एवढा राग का, ते आता कळलं असेल. ज्या गावात कुरकुर कमी असते, तिथं गप्प झालेला माणूस लवकर ध्यानात येतो.

आता कामाचं. या आठवड्यात तीन गोष्टी करा. पर्जन्यमापक नसेल तर आणा. एक वही घ्या आणि त्यात आजचा खर्च लिहा. आणि महिनाभरात बैठकीला न दिसलेल्या एका माणसाच्या घरी जाऊन चहा पिऊन या.

माझं म्हणणं पटलं नाही तर खुशाल भांडायला या, बांधावर बसू. वही मात्र सोबत आणा.